खालचं चाक

माझं नाव टुम.
पाय आखूड, पाठ लांब, एक कान फाटलेला.
स्वयंपाकघरात छताजवळ, भिंतीत बसवलेलं चाक आहे.
मी त्यात धावतो, आणि खाली विस्तवावर
मेंढीची मांडी फिरते.
रोज दोन कोस तरी होत असतील.
वेल्समधलं एकही गाव मी अजून ओलांडलेलं नाही.

रविवारी सुट्टी. म्हणजे चर्च.
बाकाखालच्या दगडी फरशीवर
लाउरीबाईंच्या पावलांवर पोट टेकून पडायचं.
ऊब द्यायची, हे माझं दुसरं काम.
म्हणून सांगतो, तिला या घरात माझ्याइतकं कुणी ओळखत नाही.
बाकीच्यांना तिचा चेहरा माहीत आहे.
मला टाचा.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी रात्री ती मेली.
पाच दिवस ताप, मग जळवा,
मग कॅप्टन मेरिगनी तोंडाशी आरसा धरला.
वाफ नाही.
त्यांनी आरसा खिशात घातला, कुणाला काही बोलले नाहीत,
दिवा घेऊन तळघरात उतरले.
शुक्रवारी सकाळी ती न्याहारीला खाली आली.
दोन अंडी मागितली.
प्रोथरोबाईंनी देवाचे इतके आभार मानले
की अंडी दगडासारखी उकडली.

माणसं म्हणतात, कुत्र्याच्या मौतीनं मरू नये.
ती तर माणसाच्याही मौतीनं मेली नव्हती.

त्या रविवारी मी पोट टेकलं.
पहिलं स्तोत्र संपलं, दुसरं संपलं,
पाद्री इलिड प्रवचनात समुद्राखाली गेलेल्या गावापर्यंत पोचले,
टाचा गार त्या गारच.
उलट माझंच पोट गोठत चाललं.
मी उठलो नाही.
काम अर्धवट टाकायची सवय नाही मला.
मांजर त्याच आठवड्यात घर सोडून गेली.
मांजरांना पर्याय असतात.

मग जिन्यावर तिची चाल ऐकली.
दोन पायऱ्या नीट, तिसरीला घसरल्यासारखी.
ही चाल माझ्या ओळखीची.
चाकात घातलेलं नवं पिल्लू असंच चुकतं.
मीही चुकायचो. मग आत निखारा टाकायचे.
मग शिकलो.

तळघराचं दार मिठानं फुगलेलं.
आत चाक. वरच्याहून मोठं, काळं,
बुडालेल्या गलबताच्या फळ्यांचं.
खाली ना विस्तव, ना मांस.
दुधाचे दात असलेलं एक तपकिरी पिल्लू
डोळे मिटून धावत होतं, तोंडाला फेस.
चाकाच्या आसाला लाल लोकर बांधलेली,
ती वर छतात शिरलेली,
फरशीतून, जिन्यातून,
थेट तिच्या घोट्यापर्यंत.

पिल्लाला मानगुटीला धरून बाहेर ओढलं.
क्षणभर चाक रिकामं होतं.
वर काहीतरी जड पडलं.
मग मी आत शिरलो.

किती दिवस झाले विचारू नका,
इथे रविवार नाही.
वर आता पिल्लू मेंढी फिरवतंय.
करपल्याचा वास येतो, त्याला अजून अंदाज नाही.
तिची चाल मात्र सुधारली, सगळे म्हणतात.
मार्चमध्ये ती नाचलीसुद्धा.
त्या रात्री माझ्या पंज्यांची सालं निघाली.

कधी कधी मी मुद्दाम एक पाऊल चुकवतो.
वर चमचा पडतो.
ही सत्ता मला आवडते, खोटं कशाला बोलू.
कॅप्टन मेरिगना ते कळलंय.
हल्ली स्वतः मगजाची हाडं आणून ठेवतात,
मला अहोजाहो करायचंच काय ते बाकी आहे.

काल ती आली.
दिवा नाही. अनवाणी.
चाकाजवळ उकिडवी बसली, लोकर बोटाला गुंडाळली,
आणि म्हणाली, टुम, पुरे.
उतर आता.

मला बरेच शब्द येतात.
पळ. अजून पळ. गप्प. बाकाखाली.
उतर, हा कुणी शिकवलेला नाही.
तिनं तो पुन्हा म्हटला, हळू,
लहान मुलाला शिकवावा तसा.

अजून बसली आहे.
टाचा चाकाच्या कडेला टेकलेल्या,
माझं पोट त्यांच्यापासून वीतभर लांब,
दर फेरीला
वीतभरच.